बाहेरची चिठ्ठी

"भाऊ, यामाईन कोनती गोयी नही लिधी ते चाली?"

खान्देशातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे मी २७ वर्षं फार्मासिस्ट म्हणून उभा होतो. एवढ्या काळात हा प्रश्न किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. विचारणारी बहुतेक वेळा बाई असायची, पन्नाशीच्या पुढची, कापूस वेचणीचा नाहीतर निंदणीचा रोज बुडवून आलेली. केसपेपरवर चार औषधं लिहिलेली असायची. दोन मी खिडकीतून द्यायचो, उरलेल्या दोनांपुढे पेनाने खूण करायचो आणि म्हणायचो, "ह्या बाहेरून घ्या." ती कागद हातात धरून तिथेच थांबायची. मागे रांग वाढत असायची. मग हळू आवाजात तो प्रश्न यायचा. यातली कोणती गोळी नाही घेतली तर चालेल?

मी सांगायचो, सगळ्या घ्यायच्या. उत्तर बरोबर होतं आणि तिच्या काहीच कामाचं नव्हतं. ती समोरच्या मेडिकलवर जायची, दोन्हीचे मिळून किती होतील ते विचारायची आणि शेवटी "दहाच द्या" म्हणायची. महिनाभराची गोळी दहा दिवसांची व्हायची. त्यातही मागे राहायची ती बहुधा बीपीची, कारण बीपी दुखत नाही. गुडघा दुखतो, दाढ दुखते, पोटात आग पडते. रक्तदाब मात्र वर्षानुवर्षं गप्प असतो आणि एके दिवशी अर्धं अंग लुळं करून टाकतो. पैसे कमी पडले की माणूस दुखण्याची गोळी ठेवतो आणि गप्प आजाराची सोडतो. यात अडाणीपणा नाही. हातात शंभर रुपये असताना आज रात्री झोप लागावी असं वाटणारा कोणीही हेच करील.

सरकारी आरोग्यसेवेत औषधाला पैसे घ्यावेत का, या प्रश्नाचा विचार मी नेहमी त्या बाईच्या जागेवरून करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. घेऊ नयेत. एक रुपयाही नाही. आणि जे औषध दवाखान्यात असायला हवं होतं पण नाही, त्यासाठी रुग्णाला मेडिकलवर पाठवणं म्हणजे औषधाला पैसे घेणंच आहे. त्याला आपण त्या नावाने ओळखत नाही, एवढाच फरक.

महाराष्ट्रात या विषयावर चर्चा झाली ती केसपेपरच्या निमित्ताने. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या संस्थांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत करण्याचा निर्णय सरकारने घेतला. त्या दिवसांत चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत एकच वाक्य ऐकू यायचं: पाच-दहा रुपयांत कोण मरतंय? बोलणारे बहुतेक असे, की ज्यांनी सरकारी दवाखान्याची पायरी दहा वर्षांत चढली नव्हती. पण प्रश्न अगदीच टाकाऊ नाही, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं.

दहा रुपयांनी कोणी मरत नाही हे खरं. दहा रुपयांनी माणूस उद्या येतो, परवा येतो, "बघू बाजारच्या दिवशी" म्हणतो. शुल्क लहान असलं तरी त्याचं काम एकच असतं, पाय मागे ओढणं. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलीन दुपास या दोन अर्थतज्ज्ञांनी गरोदर बायांसाठीच्या मच्छरदाण्यांवर प्रयोग केला होता. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. काही दवाखान्यांत मच्छरदाणी फुकट दिली, काहींत निरनिराळ्या किमतींना. किंमत शून्यावरून ६० सेंटवर गेली तेव्हा मच्छरदाणी घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्केबिंदूंनी खाली आलं. आणि ज्यांनी पैसे मोजून घेतली त्या ती जास्त वापरत होत्या, असंही आढळलं नाही. "फुकटाची किंमत नसते" ही आपल्याकडची लाडकी समजूत या प्रयोगात टिकली नाही.

अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड या संशोधन संस्थेने याहून मोठा प्रयोग केला. काही कुटुंबांना सगळे उपचार मोफत, काहींना खर्चातला वाटा स्वतः उचलायला लावला. वाटा उचलणाऱ्यांनी दवाखान्यात जाणं कमी केलं. पण कमी करताना त्यांनी गरजेचे उपचारही सोडले आणि बिनगरजेचेही, साधारण सारख्याच प्रमाणात. गरीब आणि आधीच रक्तदाब असलेल्या लोकांचा रक्तदाब मोफत गटात जास्त आटोक्यात राहिला. मला हे वाचून नवल वाटलं नाही. कोणती गोळी गरजेची हे त्या बाईला कळत असतं, तर तिने मला कशाला विचारलं असतं?

यातच शुल्काविरुद्धचा माझा मुख्य मुद्दा आहे. माणूस साडी विकत घेतो तेव्हा निवड त्याची असते, म्हणून किंमतही त्याने मोजावी. औषध रुग्ण निवडत नाही. डॉक्टर निवडतो, साठा सरकार ठरवतं, आजार तर कोणीच ठरवत नाही. ज्याच्या हातात यातला एकही निर्णय नाही त्याच्याकडून पैसे घेऊन औषधाची उधळपट्टी कशी थांबेल? उधळपट्टी होते, हे मी नाकारत नाही. मी ती पाहिली आहे. "ताकदीची बाटली लावा" म्हणून हट्ट धरणारे, गोळ्या नेऊन कोनाड्यात ठेवणारे, इंजेक्शनशिवाय बरं वाटत नाही म्हणणारे रोज भेटायचे. पण त्यांना समजावण्याचं काम डॉक्टरचं आणि माझं होतं. दीडशे माणसांची रांग एकट्याने उरकताना ते काम होत नाही, हे त्याचं खरं कारण आहे. खिडकीवर दहा रुपये घेतल्याने समजावण्याला वेळ मिळत नाही.

इंग्लंडमध्ये हा वाद पाऊणशे वर्षं चालू आहे, आणि आपल्याला त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली तेव्हा औषधं मोफत होती. तीन वर्षांत पैशांची ओढाताण सुरू झाली आणि चष्मे व दातांच्या कवळ्यांवर शुल्क लावायचं ठरलं. ज्या अन्यूरिन बेवन यांनी ही सेवा उभी केली त्यांनी १९५१ मध्ये या कारणावरून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ मध्ये चिठ्ठीमागे एक शिलिंग शुल्क आलं. १९६५ मध्ये ते रद्द झालं, १९६८ मध्ये परत आलं. परत आणताना सरकारने सांगितलं, काळजी नको, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि काही कायमचे आजार असलेले यांना माफी राहील. आजारांची एक यादी केली.

ती यादी हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग आहे. तीत मधुमेह आहे, अपस्मार म्हणजे फिट येण्याचा आजार आहे. दमा नाही. दम्याच्या पुष्कळ माणसांचं पंपाशिवाय भागत नाही, तरी ती पैसे देतात. सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा जन्मजात आजार तीत नाही, कारण १९६८ मध्ये तो झालेली मुलं मोठी होईपर्यंत क्वचितच जगत. मुलांना माफी होतीच. पुढे उपचार सुधारले, ती मुलं जगू लागली आणि जगण्याबद्दल त्यांना शुल्क पडू लागलं. कर्करोगाच्या रुग्णांना माफी मिळायला २००९ उजाडलं. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये औषधांचं शुल्क पूर्ण काढून टाकलं. इंग्लंडमध्ये ते अजून आहे, मे २०२४ पासून दर औषधामागे ९.९० पौंड. आणि तरीही तिथे दहापैकी जवळजवळ नऊ औषधं कुठल्या ना कुठल्या माफीत मोफतच जातात. म्हणजे उरलेल्या एकासाठी सगळी यादी, सगळे अर्ज, सगळी तपासणी.

आपल्याकडे यादी म्हणजे रेशनकार्ड. पिवळं कार्ड आहे का, केशरी आहे, की पांढरं. २०२३ च्या आधी दारिद्र्यरेषेखालच्यांना केसपेपर माफ होता, आणि तो माफ करून घेण्यासाठी काय काय दाखवावं लागायचं ते मला ठाऊक आहे. कार्ड सासऱ्याच्या नावावर, सासरा गेलेला. कार्ड गावी, माणूस ऊसतोडीला गुजरातेत, आजारी पडल्यावर तिथून परत आलेला. अंगावर शंभर ठिगळं आणि कार्ड केशरी, कारण वीस वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणात घराला पत्रे दिसले. खिडकीवरच्या माणसाला कार्ड तपासायला बसवलं की तो औषध द्यायचं सोडून गरिबी तपासू लागतो. मीही तपासली आहे. त्याची मला आजही लाज वाटते.

आता इंग्लंडचे ते ९.९० पौंड आणि आपली बाहेरची चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून बघा. एप्रिल २०२५ मध्ये तिथला प्रौढांच्या किमान वेतनाचा दर तासाला १२.२१ पौंड झाला. म्हणजे किमान वेतनावर राबणाऱ्या प्रौढालाही एका औषधासाठी तासाभराचं काम पुरतं. दर सगळ्यांना माहीत असतो. तीन महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरून कितीही औषधं घ्यायची सोयही आहे. तरी तिथले लोक हे अन्यायाचं आहे म्हणून भांडतात. आपल्याकडे महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. बाहेरच्या चिठ्ठीवर दोन औषधं महिनाभराची घ्यायची म्हटली आणि डॉक्टरने नावाजलेल्या कंपनीची लिहिली असली, तर दिवसभराची मजुरी पुरत नाही. चिठ्ठीचा दर आधी कोणाला माहीत नसतो. तिला वरची मर्यादा नाही. तीत म्हाताऱ्याला माफी नाही, गरोदर बाईला नाही. इंग्लंडची यादी कितीही वाईट असली तरी तिथे यादी आहे. आपल्या बाहेरच्या चिठ्ठीला तेवढीही नाही.

आणि तिचा पुरावाही नाही. बाहेरचं औषध केसपेपरवर लिहिलं जातंच असं नाही. पुष्कळदा एका कोऱ्या कपट्यावर लिहिलं जातं, वर दवाखान्याचं नाव नाही, खाली सही नाही, तारीख नाही. सरकारी कागदांत त्या दिवशी त्या रुग्णावर मोफत उपचार झालेले असतात. त्याने मेडिकलवर मोजलेले पैसे कुठल्याच नोंदीत येत नाहीत. मग वरच्या साहेबांना वाटतं, सगळं मोफत चाललं आहे. त्यांच्यापुढे येणारे आकडे तेच सांगतात.

खरं तर ही जबाबदारी आपण फार पूर्वी मान्य केली आहे. देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करण्यासाठी नेमलेल्या, नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही पुरेशा उपचारांवाचून राहू नये, हे त्या अहवालाच्या मुळाशी असलेलं तत्त्व होतं. ते स्वातंत्र्याच्या आधीच कागदावर आलं होतं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. पण शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून आजारी माणूस स्वतः काढतो आहे, आणि त्यातला मोठा भाग औषधांवर जातो. सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या २.५ टक्के करायचं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ठरलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड आता मोठ्या उपचारांना पाच लाखांपर्यंत चालतं. त्याने खान्देशातली किती घरं जमीन विकण्यापासून वाचली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ते कार्ड दाखल झालेल्या रुग्णाचं आहे. ओपीडीतून महिन्याच्या गोळ्या नेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की सरकार लाखाचा खर्च उचलतं. ती बंद पडू नये म्हणून लागणारी गोळी मात्र "बाहेरून घ्या". अमलोडिपिनसारखी रक्तदाबाची गोळी घाऊक सरकारी खरेदीत काही पैशांना पडते. हा हिशेब पैशांचा असेल तर तोही चुकतो आहे.

नंदुरबारकडे वळतो, कारण या प्रश्नाचं सगळ्यात कठीण रूप तिथे आहे. धडगाव आणि अक्कलकुवा या सातपुड्यातल्या तालुक्यांत रस्ता संपतो तिथून पुढेही पाडे आहेत. आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो. नर्मदेच्या काठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागला आहे. अशा ठिकाणी "बाहेरून घ्या" या दोन शब्दांचा अर्थ काय? समोर मेडिकल नाही. बाहेरून म्हणजे शहादा, नाहीतर नंदुरबार. एक पूर्ण दिवस, जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेला रोज आणि त्यावर औषधाची किंमत. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा आधार होतो. पण एसटी पाड्यापर्यंत जात नाही. तिथून जीपला पूर्ण पैसे.

याच भागात सिकलसेल आहे. भिल्ल आणि पावरा घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आलेला रक्ताचा आजार. ज्याला आई आणि वडील दोघांकडून तो आला, त्याला लहानपणापासून अंग पिळवटून टाकणाऱ्या वेदनांचे झटके येतात, रक्त कमी होतं, प्लीहा वाढते. तो मुळापासून बरा करण्याचा उपचार या घरांच्या आवाक्यात नाही. पण हायड्रॉक्सियुरिया रोज घेतली तर झटके कमी होतात, रक्त भरण्याची वेळ कमी येते. ही गोळी आयुष्यभर घ्यायची असते आणि अधूनमधून रक्त तपासून घ्यायची असते. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, तपासण्या वाढल्या, मुलांच्या हातात कार्डं आली. हे मोलाचं काम आहे. पण कार्ड देऊन आजार सांगितला आणि पुढे दोन महिने गोळीच आली नाही, तर त्या आईने काय करायचं? आजाराचं नाव कळलं, औषधाचंही कळलं, आणि हात रिकामेच. शिवाय दिवाळीनंतर अर्धं गाव मजुरीला गुजरातेत जातं. त्या कुटुंबाला निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून द्यायला हव्यात. साठाच महिन्याचा येत असेल तर फार्मासिस्ट तीन महिन्यांच्या कुठून देणार?

मोफत म्हणजे नुसता निर्णय नव्हे, साठा लागतो. ज्यांनी हे ओळखलं त्या राज्यांनी करून दाखवलं. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. अत्यावश्यक औषधांची यादी ठरवली, ती एकत्र घाऊक भावाने घेतली, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं बांधली. प्रत्येक दवाखान्याला पासबुक दिलं. वर्षाला अमुक किमतीची औषधं तुमची, लागतील तेव्हा गोदामातून न्या आणि पासबुकात नोंद करा. म्हणजे ज्या दवाखान्यात मधुमेहाचे रुग्ण जास्त तो मेटफॉर्मिन जास्त उचलतो. आलेल्या प्रत्येक बॅचचे नमुने प्रयोगशाळेत तपासूनच औषध पुढे जातं. राजस्थानने हीच वाट धरून २ ऑक्टोबर २०११ पासून मुख्यमंत्री निःशुल्क दवा योजना सुरू केली. त्याआधी चित्तोडगडला जिल्हाधिकारी असताना समित शर्मा यांनी जेनेरिक औषधांचा प्रयोग करून भावातला फरक लोकांना दाखवला होता. राजस्थान काही महाराष्ट्राहून श्रीमंत नाही.

आपल्याकडे २०१७ पासून औषधखरेदी हाफकिन या राज्य सरकारच्या महामंडळाकडे दिली. तक्रारी वाढल्या, मग २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा आला. नव्या व्यवस्थेला वेळ द्यायला हवा. पण मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या खिडकीवर तुटवडा आणि अतिसाठा एकाच वेळी असायचे. मेटफॉर्मिन तीन-तीन महिने नाही आणि कपाटात खोकल्याचं औषध वर्षभर पुरेल इतकं, मुदत संपायला चार महिने राहिलेलं. इंडेंट, म्हणजे औषधांचं मागणीपत्र, आम्ही पाठवायचो, येताना ज्याचा पुरवठादाराशी दरकरार झाला असेल ते यायचं. पासबुकाची किंमत मला त्या कपाटासमोर उभं राहिल्यावर कळली.

माझ्या मताविरुद्ध जाणारी एक गोष्टही लिहायला हवी. केसपेपरचे ते पाच-दहा रुपये रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात जायचे आणि ते पैसे आमच्या हातात होते. पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण रात्री यायचे. एकदा रात्री सलाईनचे सेट संपले, तेव्हा त्या पैशांतून बाजारातून आणले. वरून मंजुरी येण्याची वाट बघितली असती तर दोन दिवस गेले असते. शुल्क गेलं, चांगलं झालं. पण दवाखान्याच्या हातातला तो छोटा मोकळा पैसा जाता कामा नये. तेवढी रक्कम सरकारने वेळेवर समितीकडे द्यायला हवी, आणि आधीपेक्षा जास्त द्यायला हवी. नाहीतर केसपेपरचे दहा रुपये वाचतात आणि मेडिकलवर चारशे जातात.

ज्यांची ऐपत आहे त्यांनी तरी पैसे द्यावेत, हे म्हणणं सज्जनपणाचं वाटतं. मीही पूर्वी तसंच म्हणायचो. आता नाही म्हणत. ऐपत असलेला कर भरतोच, आणि शेतमजूरही साबण, बिस्कीट घेताना भरतो. दवाखान्याचे पैसे आजारी पडण्याआधीच सगळ्यांनी मिळून भरलेले असतात. खिडकीवर पुन्हा मागितले की ते फक्त आजारी माणसाकडून मागितले जातात. निरोगी सधन माणूस एक पैसाही जास्त देत नाही, आणि आजारी गरीब कार्ड शोधत राहतो. दुसरं असं, की खिडकीवर पैसे पडायला लागले की ऐपतवाला म्हणतो, मग खासगीतच जातो. तो गेला की रांगेत उरतात ज्यांच्या तक्रारीला कोणी उत्तर देत नाही असे लोक. शाळेचे मास्तर, ग्रामसेवक, केळीचे बागायतदार माझ्या खिडकीवर उभे असायचे त्या दिवसांत साठा संपला की तिसऱ्या दिवशी फोन वाजायचा.

एक भोकही बुजवायला हवं. २०२३ चा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्यात नव्हती. खान्देशात याचा अर्थ मोठा आहे. जळगावचं आणि नंदुरबारचं जिल्हा रुग्णालय नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलं गेलं, धुळ्यात भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाचं रुग्णालय आधीपासून आहे. तालुक्याहून ज्याला "मोठ्या दवाखान्यात न्या" म्हणून पाठवतात तो जास्त आजारी असतो, आणि तो नेमका दुसऱ्या खात्याच्या दारात जातो. खातं कोणतं हे त्याने का विचारावं? रुग्णवाहिकेत बसलेल्या माणसाला सरकार एकच दिसतं.

मला काय हवं आहे ते सांगतो. अत्यावश्यक यादीतलं औषध खिडकीवर नसेल तर ते केसपेपरवरच लिहावं, पुढे "उपलब्ध नाही" असा शिक्का, तारीख आणि फार्मासिस्टची सही. कोरा कपटा बंद. त्या शिक्क्यावर जवळच्या ठरवून दिलेल्या मेडिकलने किंवा जनऔषधी केंद्राने औषध विनामूल्य द्यावं आणि बिल दवाखान्याला पाठवावं. ते बिल सरकारने ठरल्या मुदतीत चुकतं करावं, कारण पैसे सहा महिने अडकले तर दुकानदार दुसऱ्या वेळी औषध देणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसेल. असं झालं की प्रत्येक तुटवड्याचं बिल सरकारच्या टेबलावर येईल. आज ते त्या बाईच्या पदराच्या गाठीतून भागतं, म्हणून तुटवडा कोणालाच महाग पडत नाही. खिडकीबाहेर रोज सकाळी आजचा साठा फळ्यावर लिहावा. संगणकावर साठ्याची नोंद होतेच, ती फळ्यावर उतरवायला पाच मिनिटं लागतात.

यावर डॉक्टर मंडळी नाराज होतील. साठा असतानाही सवयीने बाहेरचं ब्रँडचं औषध लिहिणारे आहेत, हे मी या व्यवसायात आयुष्य घालवून सांगतो आहे. शिक्का सक्तीचा झाला की साठा असलेल्या औषधावर तो मारता येणार नाही. प्रामाणिक डॉक्टरला त्याने बळच मिळेल, आणि माझ्याबरोबर काम केलेले बहुतेक प्रामाणिक होते.

हे सरकार कधी करील ते करील. तोवर खान्देशातल्या ज्या वाचकाच्या हातात अशी चिठ्ठी पडेल, त्याने तो कपटा घेऊन खिडकीवर परत जावं आणि सांगावं, केसपेपरवर "उपलब्ध नाही" असं लिहा आणि सही करा. आई-वडिलांसाठी गेला असाल तर त्यांच्यासाठी मागा. शेजारची म्हातारी सोबत असेल तर तिच्यासाठी मागा, कारण ती स्वतः मागणार नाही. त्या कागदाचा फोटो काढा आणि ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की पुढे ठेवा. आतला माणूस वैतागेल. रांग मोठी असेल, तो म्हणेल, मला एवढाच धंदा आहे का. माझ्या काळात कोणी अशी सही मागितली असती तर मीही वैतागलो असतो. पण केली असती. २७ वर्षांत ती कोणी मागितली नाही.